टँडमच्या पुढच्या सीटवरून : सांगलीतील एका ट्रायथलॉनच्या प्रकल्प नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार

जानेवारीत शहरात होणाऱ्या स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये सरांच्या सोबतीने उतरायचे, असे आज नक्की झाले. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असे हे अंतर असून मध्ये विश्रांती नाही आणि कपडे, बूट बदलण्यात जाणारा वेळही एकूण वेळेतच धरला जातो. सन २००० पासून ऑलिंपिकमध्ये होणाऱ्या ट्रायथलॉनच्या हे निम्मे आहे. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकपासून पॅरा-ट्रायथलॉन, म्हणजे अपंग खेळाडूंची ट्रायथलॉनही याच अंतरावर होते. म्हणजे अंतराच्या बाबतीत तरी आमच्या गावातली स्पर्धा आणि पॅरालिंपिक यांत फरक नाही.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. दृष्टिपटलाच्या आजाराने त्यांची नजर हळूहळू कमी होत गेली आणि तिशीत ती पूर्ण गेली. लहानपणी ते कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकले, माझ्यासारखेच, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. गेली तीन वर्षे आम्ही पहाटे हरिपूर रस्त्याने एकत्र चालतो. माझा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे यंत्राची बाजू माझ्याकडे येणार हे उघड होते. नोंदी ठेवायच्या, ही अट सरांची. त्यांचे म्हणणे असे की, जे मोजले नाही ते झाले की नाही यावर पुढे वाद घालता येतो.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

आमच्यात आणखी दोघे आले आहेत. टपाल खात्यात काम करणाऱ्या ताईंचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. अपघाताला नऊ वर्षे झाली. दुसरा तासगावचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी आहे, ज्याचा डावा हात जन्मापासून कोपराच्या थोडा खालपर्यंतच आहे. त्याला पोहण्याचा आणि धावण्याचा चांगला सराव आहे, त्यामुळे त्याची काळजी करण्याचे कारण नाही. त्याला माझ्याकडून फक्त ब्रेकचे काम करून हवे आहे.

पोहणे कोठे, हा प्रश्न आयोजकांच्या बैठकीत निघाला होता. एका उत्साही सभासदाने कृष्णेत घेऊ या, असे सुचवले. नदीकाठच्या माणसाला हे सुचावे याचे मला आश्चर्य वाटले. कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात माणसांवर हल्ले झालेले आहेत आणि थंडीत तर त्या उन्हाला काठावर येऊन पडलेल्या दिसतात. शेवटी २५ मीटरचा जलतरण तलाव ठरला. ७५० मीटरसाठी ३० लांब्या आणि २९ वळणे होतात. न दिसणाऱ्या माणसासाठी त्या २९ भिंती आहेत, हे मी नोंदवहीत वेगळे लिहून ठेवले आहे.

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

आज पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सचिन खिलारी यांनी एफ-४६ या, म्हणजे हाताचे व्यंग असलेल्यांच्या गटात गोळाफेकीचे रौप्यपदक मिळवले. ते आपल्या जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातील करगणीचे. फेक १६.३२ मीटर, सुवर्णपदकाची १६.३८. तासगावच्या पोराने मला फोन करून अंतर सांगितले आणि मग तो बराच वेळ त्या सहा सेंटिमीटरबद्दलच बोलत राहिला. हाताच्या व्यंगाबद्दल एक शब्द नाही.

संध्याकाळी हे सरांना सांगितले, तेव्हा ते मुरलीकांत पेटकर यांच्यावर आले. पेटकरही आपल्याच जिल्ह्यातले, इस्लामपूरजवळच्या पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. सर म्हणाले, "भाऊ, मधल्या ४६ वर्षांत किती लोक त्यांना विसरले असतील ते सोडा. पण ३७.३३ सेकंद हा आकडा कोणी पुसू शकले नाही. कारण त्या दिवशी तिथे कोणीतरी घड्याळ लावून उभे होते."

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

गणपतीचे दहा दिवस वाया गेले, त्यानंतर टँडमच्या, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायच्या सायकलीच्या कामाला हात घातला. तयार टँडम घेणे परवडणारे नाही, म्हणून भंगारातून दोन जुन्या पोलादी सायकली आणल्या. एकीचा मागचा भाग कापायचा, दुसरीचा पुढचा, आणि मध्ये नळ्या घालून दोन्ही सांगाडे जोडायचे. सांध्यांच्या आत पोलादी बुशी बसवून वरून गॅसचे पितळी वेल्डिंग केले, कारण सायकलची नळी पातळ असते आणि विजेच्या वेल्डिंगने ती सांध्याशेजारी जळून कमकुवत होते. खालच्या बाजूने पुढच्या पायडलच्या बैठकीपासून मागच्या बैठकीपर्यंत एक जाड नळी घेतली आहे. दोन माणसे जोर लावतात तेव्हा सांगाडा पिळला जातो आणि तो पीळ हीच नळी अडवते.

खरा विचार साखळीचा होता. टँडममध्ये पुढच्या आणि मागच्या माणसाचे पाय एका साखळीने बांधलेले असतात आणि चाकाला जाणारी साखळी वेगळी असते. रूढ रचनेत पहिली साखळी डाव्या बाजूला घेतात. तसे करायचे तर डाव्या बाजूला दातेरी चाक असलेले क्रँक, म्हणजे पायडल ज्यावर बसते ते दांडे लागतात. उजव्या बाजूचे क्रँक उलटवून डावीकडे लावले, तर पायडलचे आटे उलट दिशेचे होतात आणि चालता चालता पायडल सुटून येते. म्हणून दोन्ही साखळ्या उजव्याच बाजूला घेतल्या. मागे तीन चकत्यांचा क्रँक बसवला असून त्याची ४८ दात्यांची बाहेरची चकती पुढच्या ४८ दात्यांच्या चकतीशी जोडली आहे आणि मधली ३८ दात्यांची चकती मागच्या चाकाला फिरवते. पुढचे-मागचे दाते सारखेच हवेत, नाहीतर दोघांचे पाय दर फेरीला एकमेकांपासून सरकत जातील. लांब साखळी खालून लोंबते, तिला ताण देण्यासाठी जुन्या गिअरचे एक छोटे दातेरी चाक स्प्रिंगवर बसवले. चाकांना ३६ आऱ्या आहेत. वजन २७ किलो भरले.

हिशेब असा : मागे १४ दाते असताना पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.७ मीटर जाते. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर ताशी २७ किलोमीटरच्या थोडा वर वेग येतो. दोघांचे मिळून वजन १४६ किलो असले तरी वाऱ्याशी मात्र एकच माणूस झुंजतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर टँडम एकट्या सायकलीपेक्षा वेगवान असते. चढावर हा फायदा उरत नाही.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

कारखान्यात यंत्रांबरोबर टँडमचीही पूजा केली आणि झेंडूची माळ घातली. माळ हँडलवर होती ती पुढच्या ब्रेकच्या तारेत अडकली आणि पहिल्याच फेरीत आम्ही फाटकापाशी आडवे झालो. सरांच्या कोपराला खरचटले. ब्रेक तपासल्याशिवाय पूजा करायची नाही, अशी नोंद सरांनीच सांगून लिहून घेतली.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

आता बोलण्याविषयी. सरांनी मला सोबती म्हणून निवडले तेव्हा मी समजत होतो की मी कमी बोलतो म्हणून निवडले. प्रत्यक्षात पुढच्या सीटवरच्या माणसाचे अर्धे काम तोंडाचे आहे. मागच्या माणसाच्या हातात ब्रेक नाही, गिअर नाही, आणि पुढे काय येते ते त्याला दिसत नाही. पण त्याचे पाय माझ्या पायांशी साखळीने बांधलेले आहेत. मी न सांगता पाय थांबवले की त्यांच्या गुडघ्याला हिसका बसतो. पहिल्या आठवड्यात हे तीन वेळा झाले आणि तिसऱ्या वेळी सर इतके शांतपणे "चालेल" म्हणाले, की त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मी सुरुवातीला फार मोठी वाक्ये बोलत होतो. "सर, पुढे जरा खड्डा आहे, सांभाळा" एवढे म्हणून होईपर्यंत खड्डा मागे पडलेला असे. आणि "सांभाळा" म्हणजे त्यांनी नेमके काय करायचे? सरांनी नियम घातला की, मला भावना सांगू नका, कृती सांगा आणि ती आधी सांगा. मग आम्ही शब्द ठरवले. "उठा" म्हणजे सीटवरून किंचित वर. "मोकळं" म्हणजे पाय थांबवणे. "जोर" म्हणजे चढ. गतिरोधक हा शब्द धावताना उच्चारेपर्यंत माणूस अडखळून पडलेला असतो, म्हणून त्याला "टेंगूळ" हे नाव दिले. वळणाआधी "तीन, दोन, एक" असे मोजायचे आणि एकनंतर लगेच वळायचे, कारण एकनंतर मी अर्धा सेकंद जरी रेंगाळलो तरी सरांचे अंग आधीच कललेले असते आणि सायकल झोकांडते.

धावताना आमच्या हातात एक हातभर लांबीची सुती दोरी असते, दोन्ही टोकांना फासा असलेली. नियम सोपा आहे : सोबत्याने खेळाडूला ओढायचे नाही, ढकलायचे नाही, आणि पुढे राहून वाट काढायची नाही. दोरी सैल असावी. ती ताणली गेली तर माझ्याकडून सांगण्यात काहीतरी राहिले आहे, असे आम्ही समजतो. आज हरिपूरच्या संगमेश्वरापर्यंत जाऊन परत येताना ती चार वेळा ताणली गेली.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

ताईंच्या सायकलीचे काम झाले. कृत्रिम पायाची वरची वाटी गुडघ्याच्या मागे जिथे संपते, ती कड पायडल सर्वांत वर असताना मांडीत रुतते, म्हणून वीस मिनिटांनंतर त्यांना सायकल चालवणे असह्य होत असे. त्यांनी आतापर्यंत यावर सीट उंच करणे, वाटीला फोम चिकटवणे असे उपाय केले होते. उपाय दुसरीकडे होता. उजव्या बाजूच्या क्रँकची लांबी १७० मिलिमीटर होती. त्याच क्रँकवर आतल्या बाजूला, केंद्रापासून १४५ मिलिमीटरवर नवे भोक पाडून ९/१६ इंची, इंचाला २० आटे असलेला टॅप मारला आणि पायडल तिथे बसवले. वर्तुळ लहान झाले, त्यामुळे गुडघा कमी वाकतो आणि कड रुतत नाही. डावा पाय मोठे वर्तुळ फिरवतो आणि उजवा लहान. सुरुवातीला कंबर डोलते, पण त्या म्हणाल्या की नऊ वर्षे त्यांची कंबर डोलतेच आहे.

कृत्रिम पावलाला पायडल कोठे आहे ते कळत नाही, त्यामुळे ते पुढे घसरते. पट्ट्याने बांधले तर पडताना सुटत नाही. म्हणून पायडलला पुढे आणि बाहेरच्या बाजूला उभी कड असलेली पत्रा-पट्टी बसवली; पाय वरून उचलला की मोकळा होतो.

तासगावच्या पोराचे दोन्ही ब्रेक उजव्या हाताच्या एकाच कांडीवर आणले. एका कांडीतून दोन तारा काढता येतात. मात्र मागचा ब्रेक किंचित आधी धरेल अशी तार ताणावी लागते, नाहीतर पुढचे चाक अडून माणूस हँडलवरून जातो. त्याच्याकडे द्राक्षाची फळछाटणी चालू असल्यामुळे तो दहा मिनिटे थांबला आणि सायकल घेऊन गेला.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

विधानसभेच्या प्रचाराचा शेवटचा रविवार. तासगाव रस्त्याला गेलो होतो. प्रचाराच्या रिक्षांच्या भोंग्यांमुळे सरांना माझा आवाज ऐकू येईना आणि आम्ही अकरा किलोमीटरनंतर परत फिरलो. भर घालायला उसाचा हंगाम सुरू झाला आहे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याचा सगळा मध्य घेतात, आणि खाली पडलेली उसाची कांडी टँडमच्या चाकाखाली आली तर लांब सायकल चुकवायला जागा नसते. यापुढे सायकलीचा सराव पहाटे साडेपाचला आणि औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर करायचा.

८ डिसेंबर २०२४, रविवार

पोहण्याचा प्रश्न सुटला, असे म्हणता येईल. मोकळ्या पाण्यातल्या ट्रायथलॉनमध्ये खेळाडू आणि सोबती दोरीने बांधून शेजारी पोहतात. तलावात आम्ही तसे करून पाहिले, पण दर २५ मीटरला वळताना दोरी पायात येई. शेवटी दोरी सोडली आणि अंध जलतरणपटूंच्या शर्यतींत जी पद्धत आहे ती घेतली : भिंत जवळ आली की काठावरच्या माणसाने लांब काठीच्या मऊ टोकाने पोहणाऱ्याला स्पर्श करायचा. बांबूच्या दोन काठ्या घेतल्या, टोकाला टेनिसचा चेंडू भोक पाडून बसवला. एका टोकाला माझा मुलगा आणि दुसऱ्या टोकाला सरांची पुतणी उभी राहते.

कोणत्या क्षणी टेकवायचे, याला दोन आठवडे लागले. लवकर टेकवले तर सर भिंतीपाशी पोहोचण्याआधीच वळतात आणि पाय मारायला भिंतच सापडत नाही. उशीर झाला तर बोटे दुखावतात. सरांच्या वेगाला भिंतीपासून दीड हात अंतर योग्य आहे असे ठरले. पुतणीचे टायमिंग माझ्या मुलापेक्षा फार चांगले आहे, कारण ती चेंडूकडे न पाहता सरांच्या खांद्याकडे पाहते. सर एका बाजूच्या दोरीला हाताची करंगळी निसटती लावत पोहतात, त्यामुळे रेघ सुटत नाही, पण दंडाच्या आतल्या बाजूला घासून लाल चट्टे उठले आहेत. त्याला खोबरेल तेल लावायचे.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

आयोजकांकडे गेलो होतो. तेथे कळले की "दिव्यांग बांधवांसाठी" एक किलोमीटरची वेगळी विशेष फेरी ठेवली असून सर्वांना पदक, शाल, श्रीफळ आणि मान्यवरांच्या हस्ते सत्कार आहे. बोलणारे गृहस्थ मनापासून बोलत होते, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी "तुम्ही आम्हा सर्वांसाठी प्रेरणा आहात" हे वाक्य तीन वेळा म्हटले.

ताई म्हणाल्या, "शाल घरी चार आहेत. माझी नोंदणी फी भरून घ्या."

सरांनी विचारले की, एक किलोमीटरच्या फेरीची वेळ मोजणार आहात का. त्यावर गृहस्थ म्हणाले की, त्यात स्पर्धा अशी काही नाही. सर म्हणाले, "मग आम्हाला त्यात रस नाही. आम्ही चार महिने जो सराव करतोय तो ७५० मीटर, २० आणि ५ चा आहे." बराच वेळ सुरक्षेची चर्चा झाली. ती रास्त होती आणि आम्ही तिची तयारी करून गेलो होतो : काठीवाले दोघे, टँडमसाठी गटाच्या शेवटी सुटण्याची आमची तयारी, ताईंसाठी तलावाच्या काठावर खुर्ची. शेवटी चौघांचीही सर्वसाधारण स्पर्धेत नोंदणी झाली. वेळ मोजणारी चिप मिळेल, असे तोंडी सांगितले. लेखी मागायला हवे होते, हे मला घरी आल्यावर सुचले.

येताना सर म्हणाले की, दिव्यांग म्हणा, अपंग म्हणा, अंध म्हणा, मला कशाचेच काही वाटत नाही. फक्त त्या शब्दाच्या पुढे वेळेचा रकाना कोरा ठेवू नका.

५ जानेवारी २०२५, रविवार

पूर्ण अंतराची रंगीत तालीम. एकूण १ तास ४६ मिनिटे. धावण्याच्या बुटांना सरांच्या सोयीसाठी नाड्यांऐवजी इलॅस्टिक घातले, त्यामुळे त्यांचे बूट आता चार सेकंदांत चढतात. ताईंनी पाय तलावाकाठी खुर्चीवर ठेवून पाहिला. स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, नीट कोरडा केल्याशिवाय मोजा घातला तर धावताना फोड येतो, म्हणून तिथे चार मिनिटे जाणारच. त्या हे धरूनच चालल्या आहेत.

१९ जानेवारी २०२५, रविवार, स्पर्धा

पहाटे पाचला तलावावर हजर झालो. थंडी चांगलीच होती आणि तलावाचे पाणी हवेपेक्षा थोडे उबदार वाटत होते. बारा-बारा जणांचे गट सोडत होते. चिपा मिळाल्या. सरांनी आपल्या घोट्यावरची चिप दोनदा चाचपून पाहिली.

पोहण्याच्या पहिल्या दहा लांब्या मी त्यांच्या मागेच होतो. पुतणीच्या टोकाला एकही चूक झाली नाही. माझ्या मुलाच्या टोकाला एक झाली, अकराव्या लांबीला, आणि सरांची बोटे भिंतीवर आदळली. ते तसेच वळले. २१ मिनिटे ४० सेकंद. शेजारच्या रांगेत ताई केवळ हातांच्या जोरावर पोहत होत्या. एका पायाने लाथ मारली की शरीर गोल फिरते, म्हणून त्या पाय जवळजवळ वापरतच नाहीत. तासगावचा पोरगा आम्ही बाहेर आलो तेव्हा सायकलीवरून केव्हाच गेला होता.

सायकलीच्या पाच किलोमीटरच्या चार फेऱ्या होत्या. पहिली फेरी उत्तम गेली. सपाटीवर आम्ही एकापाठोपाठ एक सहा जणांना मागे टाकले आणि प्रत्येक वेळी सर विचारत होते, "कितवा?" दुसऱ्या फेरीत विश्रामबागेच्या टोकाला परत वळायचे होते तिथे निवेदकाचा कर्णा लावलेला होता. निवेदक भरल्या गळ्याने सांगत होते की, डोळ्यांनी दिसत नसतानाही हे शिक्षक जिद्दीने सायकल चालवत आहेत, टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या. त्या गजरात माझे "तीन, दोन, एक" सरांपर्यंत पोहोचलेच नाही, मी वळण घ्यायला गेलो, त्यांचे अंग सरळ राहिले आणि आम्ही वळण चुकवून पुढच्या कठड्यापर्यंत गेलो. उतरून सायकल फिरवून घ्यावी लागली. तिसऱ्या फेरीपासून मी मोजण्याच्या जोडीने उजवा हात मागे नेऊन त्यांच्या मनगटावर थापटी मारू लागलो. ४३ मिनिटे ५० सेकंद.

सायकल ठेवली, सरांनी बूट घातले आणि ते दोरी हातात धरून उभे राहिले. मी माझ्या बुटांच्या नाड्या बांधत होतो. बोटे गारठून बधिर झाली होती आणि एका नाडीची निरगाठ बसली होती. सर काही बोलले नाहीत.

धावणे सरळ गेले. दोरी एकदाच ताणली गेली, चौथ्या किलोमीटरला, आणि तेही मी दमल्यामुळे. सर पुढे जात होते आणि मी मागे पडत होतो. शेवटच्या दोनशे मीटरला त्यांनी विचारले, "रस्ता मोकळा आहे?" मी "मोकळा" म्हणालो, पण आमच्या शब्दकोशात "मोकळं" म्हणजे पाय थांबवणे, त्यामुळे ते क्षणभर थबकले आणि मग दोघेही हसलो. ३१ मिनिटे १२ सेकंद. आमच्या घड्याळाप्रमाणे एकूण १ तास ४१ मिनिटे ७ सेकंद.

ताई २ तास ३ मिनिटे ५५ सेकंदांत आल्या. रेषा ओलांडल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाय काढला आणि मोजा पिळला. त्यातून पाणी गळाले. फोड आला नव्हता. तासगावचा पोरगा १ तास १९ मिनिटे ४८ सेकंदांत येऊन, केळी खाऊन, आमची वाट पाहत बसला होता.

दुपारी निकालपत्रक लागले. साठ नावांपुढे वेळा होत्या. त्याखाली एक मोकळी ओळ आणि मग "विशेष सहभाग" या मथळ्याखाली सर, ताई आणि त्या पोराचे नाव. त्यांच्या पुढे वेळ नाही, क्रमांक नाही. माझे नाव मात्र साठ जणांत, वेळेसकट. एकाच दोरीला धरून आम्ही दोघांनी रेषा ओलांडली होती.

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

आयोजकांना पत्र दिले. मजकूर सरांचा असून तो सहा ओळींचा आहे. चिपने नोंदवलेल्या तिघांच्या वेळा निकालपत्रकात यथाक्रम समाविष्ट कराव्यात, एवढीच मागणी आहे. "खेद", "अन्याय" असे शब्द मी घातले होते, ते त्यांनी काढायला लावले. ताईंनी पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि पोच घेतली.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार

सुधारित निकालपत्रक आले. ६३ नावे, सर्वांपुढे वेळा. तासगावचा पोरगा सातवा आहे, म्हणजे पहिल्या पत्रकात जो सातवा होता तो आता आठवा झाला. ताई अठ्ठावन्नाव्या. सर ४१ वे, वेळ १:४१:०७. माझे नाव आता त्यांच्याच ओळीत, कंसात सोबती म्हणून आहे आणि ते बरोबरच आहे.

मी संध्याकाळी सरांना पत्रक वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "चाळिसावा कोण?"

मी नाव सांगितले. मिरजेचे एक गृहस्थ, वेळ १:४०:५६.

"अकरा सेकंद," सर म्हणाले. मी म्हणालो की, दुसऱ्या फेरीत कर्ण्यापाशी वळण चुकले नसते तर हे अकरा सेकंद सहज वाचले असते. ते म्हणाले, "कर्णा आपल्या हातात नव्हता. सायकल ठेवून मी दोरी धरली, तेव्हापासून तुम्ही उठेपर्यंत मी मनात मोजत होतो. एकोणीस झाले."

माझ्या बुटांचे माप ९ आहे. उद्या इलॅस्टिक आणायचे, दोन जोड.